जळक्या प्लगची माळ

श्रीरामपूरच्या वॉर्ड नंबर सहामध्ये एका घराच्या दारावर तोरणाच्या जागी जळके प्लग टांगलेले आहेत. अर्थिंगच्या हिरव्या वायरीत ओवलेली ही माळ चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तिथे जागा संपली म्हणून खिडकीच्या गजांवर वळते. काही प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत, काहींचं प्लास्टिक वितळून पुरणासारखं बाहेर आलं आहे. एकाला तिसरी पिनच नाही. बोर्डात बसत नाही म्हणून मालकाने ती पकडीने मोडली होती. प्रत्येक प्लगला जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर तीन ओळी आहेत: प्लग कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि कशाने गेला.

हे घर आमोस मकासरे यांचं. वय एकोणसत्तर. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात त्यांनी एकतीस वर्षं वायरमन म्हणून काढली. कारखान्यात जळलेला पार्ट स्टोअरमध्ये जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे, आणि जमा करताना त्याला चिठ्ठी बांधून कारण लिहावं लागे. निवृत्त झाल्यावर मकासऱ्यांनी बाकी सगळं कारखान्यात सोडलं, ही सवय तेवढी घरी आणली. घरात स्टोअर नव्हतं, म्हणून दार वापरलं.

कामाची पद्धत ठरलेली आहे. मिक्सर, इस्त्री, कूलर, पाण्याचा हिटर, ज्याचा प्लग गेला असेल त्याने नवा प्लग दुकानातून स्वतः आणायचा. दुकानात त्याला थ्री पिन टॉप म्हणतात. मकासरे तो बसवून देतात आणि मजुरी म्हणून जुना प्लग ठेवून घेतात. सुरुवातीला लोकांना हा सौदा फार स्वस्तात पडल्यासारखा वाटला. चिठ्ठी वाचल्यावर वाटेनासा झाला.

चिठ्ठी लिहिण्याआधी पंचनामा होतो. हा शब्द मकासऱ्यांचाच. पंच दोन लागतात. प्लग उघडण्याआधी मकासरे बाहेरूनच निदान सांगतात आणि मग उघडून खरं करून दाखवतात. पंचनामा संपेपर्यंत मालकाने तोंड उघडायचं नाही, हा शेवटचा नियम. तो अनुभवातून आला आहे, कारण आजवर प्रत्येक मालक एकच वाक्य बोलला होता: काही केलं नाही हो, आपोआप जळाला.

कायमचे पंच समोरच्या घरातले गोरक्षनाथ तांबे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते सकाळभर ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर सही करतात. दुसरा पंच त्या वेळी गल्लीतून जाणारा कोणीही.

निदान बहुधा मालकाविरुद्ध जातं. वायर धरून प्लग उपटायची सवय, सैल बोर्डात तसाच कोंबला, दोन वस्तू एकाच बोर्डावर चालवल्या. कधी दोष मालकाचा नसून प्लग बसवणाऱ्याचा निघतो. तेव्हा मकासरे चिठ्ठीवर निकालही लिहितात: ज्याने बसवला त्याने पुन्हा टेस्टर हातात धरू नये. हा निकाल आजवर गावातल्या नऊ मेकॅनिकांना लागला होता. त्यातल्या एकानेही तो पाळला नव्हता, कारण एकालाही तो कळवलेला नव्हता.

एकदा चर्चच्या पाळकांच्या इस्त्रीचा प्लग आला. पिन वाकडी झाली होती. चिठ्ठीवर आलं: वायर ओढून प्लग काढतात, घाई फार. पाळकांनी ती वाचली. पुढच्या रविवारी संदेशाचा विषय दुसऱ्याचे दोष न काढण्याचा होता. मकासरे दुसऱ्या बाकावर बसून तो लक्ष देऊन ऐकत होते, आणि घरी येताना त्यांनी पत्नीला विचारलं की मंडळीत हे नेमकं कोणासाठी असावं. एका किराणा दुकानदाराने हिटरच्या प्लगची आपली चिठ्ठी परस्पर फाडून नेली. दुसऱ्या दिवशी तिथे नवी चिठ्ठी होती आणि तिच्यावर चौथी ओळ वाढली होती: पहिली चिठ्ठी मालकाने फाडली.

असे रुसवेफुगवे दहा वर्षं चालले. गेल्या वर्षभरात मात्र ते अचानक थांबले. लोक प्लग आणत, पंचनामा ऐकताना मान खाली घालत, दुसऱ्या दिवशी येऊन आपली चिठ्ठी वाचत आणि शांतपणे निघून जात. एका घरून तर मेथीची जुडी आली. लोक आता चूक मान्य करायला शिकलेत, असं मकासऱ्यांनी नगरला सावेडीत राहणाऱ्या मुलीला, शॅरनला, फोनवर सांगितलं. शॅरनने डोळ्यांचा विषय काढला आणि फोन संपला.

डोळ्यांचा विषय असा होता. मकासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांच्या पत्नी दयाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना तो दारातून दिसत होता, मकासऱ्यांना आरशातून दिसत नव्हता. शॅरनने नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीनदा नंबर लावला. पहिल्यांदा मकासऱ्यांनी पावसाचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा कोणाच्या तरी गिझरचं. तिसऱ्यांदा त्यांनी कारखान्याचा नियम सांगितला: चालू मशीन खोलायचं नाही. डोळे चालू होते. धूसर दिसायचं ते त्यांच्या मते या नव्या एलईडी दिव्यांमुळे. त्यांना पिवळ्या बल्बचा उजेड मानवत असे.

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दयाबाईंनी ताटावर बसवून विचारल्यावर. डॉक्टर तपासणार, आणि मग कोणी ना कोणी म्हणणार की आजोबा, आता विजेच्या कामाला हात लावू नका. टेस्टर खाली ठेवला तर दिवसभर करायचं काय, असं त्यांनी विचारलं. समोर गोरक्षनाथ बसतात तसं बसायचं का? दयाबाईंनी वरण वाढलं आणि तेव्हापुरतं सोडून दिलं.

काम थांबलं नव्हतं, कारण ते आधीपासूनच निम्मं बोटांनी चालत असे. ब्लेडने वायर सोलायची, आतल्या तारा पिळून त्यांचा आकडा करायचा, तो स्क्रूखाली घालून आवळायचा. अर्थची वायर बाकी दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवायची, म्हणजे कोणी ओढलीच तर ती शेवटी निसटते. झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला आद्याक्षरं आणि तारीख टाकायची. कारखान्यात प्रत्येक कामावर ते करणाऱ्याची खूण असे. शेवटी वायर तीनदा ओढून पाहायची. मकासऱ्यांचा प्लग परत येत नाही, असं गल्लीत म्हणत, आणि ते खरं होतं.

चिठ्ठ्या मात्र गेल्या मार्चपासून मकासरे तोंडी सांगू लागले आणि दयाबाई लिहू लागल्या. हात कापतो, असं मकासऱ्यांनी कारण दिलं. जो हात ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू पहिल्या फेरीत भोकात बसवतो तो चिठ्ठी लिहितानाच कसा कापतो, हे गोरक्षनाथांनी विचारलं नाही. लिहून झाली की दयाबाई चिठ्ठी नवऱ्याच्या हातात देत. ते ती डोळ्यांपुढे धरत, वाचायला लागेल तितका वेळ थांबत आणि मान हलवत.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मालनबाईंच्या घरघंटीचा प्लग जळाला.

मालनबाई पुंजाराम शेळके चार घरं सोडून राहतात. मूळच्या कोपरगावकडच्या, शेतकरी घरातल्या. मुलांच्या शाळेसाठी नवरा-बायको श्रीरामपुरात आले आणि पुढच्या खोलीत त्यांनी घरघंटी टाकली. गिरणीवर रांग लावायला नको म्हणून आजूबाजूच्या बायका दळण त्यांच्याकडे देतात. नाताळच्या आधीचा आठवडा म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांची चकलीची भाजणी आणि लाडवाचं बेसन एकदम. त्या दिवशी पुढच्या खोलीत बावीस डबे नावं लावून ओळीने उभे होते. नवव्या डब्याला जळका वास आला आणि घरघंटी थांबली.

घरघंटीला चाकं असतात. मालनबाईंनी ती सरळ गल्लीतून ढकलत आणली. मागून पाळक चालत होते. त्यांच्या घरची भाजणी नवव्या डब्यात होती, अर्धी डब्यात आणि अर्धी मशीनमध्ये, त्यामुळे त्यांना मशीनची सोबत सोडता येत नव्हती.

दुसरा पंच असा आयता मिळाला. गोरक्षनाथ पेपर घडी करून समोरून आले. दयाबाई पेन आणि पुठ्ठा घेऊन पायरीवर बसल्या. मकासऱ्यांनी स्टुलावर बसून प्लग हातात घेतला, नाकाशी नेला, मग पिनांवरून अंगठा फिरवला.

"किती पिना काळ्या आहेत, तांबे?" त्यांनी विचारलं. परीक्षा घेतल्यासारखा सूर होता.

"एकच. उजवीकडची."

"मग बोर्डाचा दोष नाही. बोर्ड सैल असता तर दोन्ही गेल्या असत्या. आणि मालकिणीचाही नाही."

आजवरच्या पंचनाम्यांत मालक सुटण्याचे प्रसंग थोडेच. मालनबाईंना बरं वाटायला हवं होतं. तसं दिसलं नाही.

"भाऊ, मी काय म्हनते, ही वायर—"

"मालनबाई, नियम."

मालनबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"हा बसवणाऱ्याचा दोष आहे," मकासरे म्हणाले. उघडायच्या आधी ते असंच सांगत, सावकाश, पंचांकडे वळून. "वायर पुरती सोललेली नाही. वरचं प्लास्टिक तारांबरोबर स्क्रूखाली दाबलंय. वरून घट्ट लागतं, आत चार तारा टेकलेल्या असतात. घरघंटी सुरू होताना केवढा करंट ओढते, तो सगळा चार तारांवर. महिना टिकला हेच नवल."

"भाऊ, पन दिवाळीला आमच्या ह्यांनी—"

"दिवाळीला सर्व्हिसिंगला टाकली होती, माहीत आहे मला. हे तुमच्या त्या बाजारातल्या मेकॅनिकचं काम. आंधळ्याने बसवावा तसा बसवलाय."

पाळकांनी घसा साफ केला. बाईंना काहीतरी सांगायचं आहे, असं ते म्हणाले.

"सगळ्यांनाच सांगायचं असतं, पाळकसाहेब. इस्त्रीच्या वेळी तुम्हालाही सांगायचं होतं."

मकासऱ्यांनी निकाल सांगून टाकला: ज्याने बसवला त्याने पुन्हा टेस्टर हातात धरू नये. दयाबाईंचं पेन पुठ्ठ्यावर टेकलं होतं, पण हललं नव्हतं. त्यांनी तो प्लग ओळखला होता. बसवताना टॉर्च त्यांनीच धरला होता.

"आधी उघडा तरी," त्या म्हणाल्या.

मकासऱ्यांनी मधला स्क्रू काढला आणि झाकण वेगळं केलं. निदान शब्दशः खरं निघालं. उजवीकडच्या स्क्रूखाली प्लास्टिकची करपलेली कड होती आणि तिच्या बाहेर तारा पसरलेल्या. गोरक्षनाथांनी पाहून मान डोलावली. मकासऱ्यांचा अंगठा झाकणाच्या आतून फिरत होता. तिथे मार्करच्या शाईचा गुळगुळीतपणा त्याला लागला.

"आत काही लिहिलंय का बघा, पाळकसाहेब. कंपनीचं नाव असेल."

पाळकांनी चष्मा लावला, झाकणात पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग त्यांनी झाकण गोरक्षनाथांकडे दिलं. गोरक्षनाथांनी एसटीत तीस वर्षं तिकिटं तपासली होती. तिकिटावर असेल ते मोठ्याने वाचायचं, प्रवासी कोणीही असो, ही त्यांची सवय.

"आ. म.," त्यांनी वाचलं. "चौदा अकरा."

"कोण?"

"आ. म. अक्षर तुमचं आहे, मकासरे."

घरघंटीवर एक माशी बसली होती ती उडाली. आता नियम मोडायला हरकत नाही असं मालनबाईंना वाटलं असावं.

"मी कवाची तेच सांगतेय. मेकॅनिकनं वायर काढून दिली हुती, प्लग कापून. आमचे हे नुसती वायर पिशवीत घालून तुमच्याकडं आले. मशीन आनलंच न्हवतं, तुमाला कसं कळावं घरघंटीची हाय म्हनून? ह्यांनी म्हनलं उद्या देतो, तर तुमीच म्हनला बसा, आत्ता करून देतो. संध्याकाळची येळ हुती."

मकासऱ्यांनी प्लग परत हातात घेतला आणि त्या करपलेल्या कडेवर अंगठा ठेवला. त्या अंगठ्याने ही कड चौदा नोव्हेंबरला तपासली होती आणि तार समजून तो पुढे गेला होता.

"म्हणजे मला दिसलं नाही," ते म्हणाले.

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. पाळक पुढे झाले. एवढ्या वर्षांत, एवढ्या प्लगांत एखादा असा व्हायचाच, असं त्यांनी समजावलं. ही चिठ्ठी नाही लावली तरी चालेल, पंचांचीही हरकत नाही, असंही म्हणाले.

"तुमची लावलीच होती ना?" मकासऱ्यांनी विचारलं.

मकासऱ्यांनी टेस्टर रुमालाने पुसला आणि दयाबाईंच्या शेजारी पायरीवर ठेवला. "लिही, दया. निकालासकट. आणि मी सांगितलं तसं, शब्द न् शब्द लिही."

दयाबाईंनी लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. पाळकांची सही जरा वाकडी आली.

पंचनामा संपला, पण घरघंटी तशीच उभी होती आणि तेरा डबे वाट पाहत होते. मालनबाईंनी येताना आणलेला नवा प्लग पिशवीतून काढला आणि तो कोणाकडे द्यावा ते न कळून मधेच धरून ठेवला. दयाबाईंनी तो घेतला. मेन स्विच बंद आहे का हे विचारायचं कारण नव्हतं. घरघंटी अंगणात होती आणि तिची वायर जमिनीवर पडली होती. त्यांनी जळका भाग कापला आणि ब्लेड घेतलं.

मकासऱ्यांनी स्टुलावरून सूचना द्यायला सुरुवात केली. आधी वरचं जाड कव्हर सोल. ते सोलून झालं होतं. हिरवी बोटभर लांब ठेव. ती ठेवलेली होती. तारा उजवीकडे पीळ, म्हणजे स्क्रू आवळताना त्या सुटत नाहीत.

"पिळल्या," दयाबाई म्हणाल्या. "वर्षभर टॉर्च काय डोळे मिटून धरला मी?"

गोरक्षनाथांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

झाकण लावण्याआधी दयाबाईंनी आतल्या बाजूला 'द. म.' आणि तारीख टाकली. मग प्लग नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी पिनांवरून, खाचेवरून, वायर जिथे आत शिरते तिथून बोट फिरवलं. तीनदा ओढून पाहिलं. चौथ्यांदाही ओढलं, ते आजवर कधी केलं नव्हतं. मग मान हलवली. घरघंटी मकासऱ्यांच्याच पुढच्या खोलीतल्या पॉवर बोर्डावर लावली गेली आणि पाळकांची उरलेली भाजणी तिथेच दळून निघाली.

घरघंटी परत ढकलत नेल्यावर अंगणात पिठाची एक पांढरी रेघ उरली. दयाबाई झाडू घेऊन आल्या. मकासरे अजून स्टुलावरच होते.

"चालू मशीन खोलायचं नाही, कबूल," त्या म्हणाल्या. "हे तर बंद पडलंय. शॅरनला फोन लावू?"

"लाव," मकासरे म्हणाले.

नाताळ झाला आणि जानेवारीत नगरला पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एकेका डोळ्याला अर्धा तासही लागला नाही, याचा मकासऱ्यांना थोडा राग आला. एवढ्याशा कामासाठी आपण वर्षभर वाद घातला हे त्यांना आवडलं नाही. डॉक्टरांनी टाके घातलेच नाहीत, हे कळल्यावर त्यांनी काम पक्कं आहे ना म्हणून दोनदा विचारलं. काही दिवस ते काळा चष्मा लावून शॅरनच्या फ्लॅटमध्ये राहिले आणि तिच्या घरातले सगळे प्लग हात न लावता नुसते पाहून आले. दोन त्यांना पसंत पडले नाहीत.

फेब्रुवारीत घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले आणि माळ वाचायला लागले. डोळा कसा काम करतो ते पाहायला हे सोयीचं होतं. जुन्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या. त्यातली अक्षरं पाहून त्यांना समाधान वाटलं. पाळकांची इस्त्री. किराणावाल्याचा हिटर, चौथ्या ओळीसकट. मग ते खिडकीच्या गजांवर वळलेल्या भागापाशी आले. इथून दयाबाईंचं अक्षर सुरू होत होतं.

पहिली चिठ्ठी वॉर्डातल्याच एका शिक्षिकेच्या मिक्सरची. पंचनामा मकासऱ्यांना स्पष्ट आठवत होता. प्लग ओल्या हाताने आणि वायर धरून उपटायची सवय, दोनदा सांगूनही ऐकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. चिठ्ठीवर होतं: वयोमानाने.

त्यांनी पुढची वाचली. कूलर, वयोमानाने. त्याच्या पुढची. गिझर, प्लग चांगला होता, बरीच वर्षं चालला, वयोमानाने. एका चिठ्ठीवर 'उन्हाळा फार होता' असं कारण होतं. चौदा चिठ्ठ्यांपैकी तेरांवर कोणाचाही काहीही दोष नव्हता. सगळ्यांखाली गोरक्षनाथांची सही होती.

मकासरे गल्ली ओलांडून गेले. गोरक्षनाथांनी पेपर खाली केला नाही.

"तांबे, तुम्ही सही केलीत."

"प्लग जळाल्याची केली," पेपरच्या मागून उत्तर आलं. "तो जळालाच होता."

मेथीची जुडी का आली ते मकासऱ्यांना आता कळलं. ते घरात आले. दयाबाई तांदूळ निवडत होत्या.

"एवढ्या सगळ्या प्लगना एकदम म्हातारपण कसं आलं?"

"तुम्हाला कसं आलं?" दयाबाईंनी विचारलं आणि एक खडा वेगळा काढला.

मकासऱ्यांनी कारखान्याचा मुद्दा मांडला. कारण खोटं लिहिलं तर चिठ्ठीला अर्थ काय? माणूस सुधारणार कसा? दयाबाईंनी दवाखान्याचा मुद्दा मांडला. केसपेपर दारावर लावत नाहीत. शिवाय दुसऱ्यांदा प्लग जाळून कोणी आलंय का? ती शिक्षिका आता प्लग धरूनच काढते. पंचनाम्यात ऐकलं तेवढं तिला पुरलं. मकासऱ्यांनी आठवून पाहिलं. दुसऱ्यांदा कोणीच आलं नव्हतं, मालनबाई सोडून.

पुढचे तीन आठवडे त्या घराला कठीण गेले. नजर परत आली होती, पण टेस्टर दयाबाईंच्या खणात होता आणि निकाल दारावर होता. तो निकाल लागलेला हा दहावा माणूस, आणि कळवला गेलेला पहिलाच. लोक प्लग घेऊन येत, दयाबाई बसवत, मकासरे टॉर्च धरत. त्यांना आता स्क्रूच्या डोक्यावरची चीर दिसत होती, वायरीतल्या तारा मोजता येत होत्या, आणि हात मांडीवर ठेवून बसावं लागत होतं. एकदा त्यांनी टॉर्च इतका पुढे नेला की दयाबाईंना स्क्रूच दिसेना. निकाल मागे घ्यावा असं गोरक्षनाथांनी सुचवलं. मकासरे म्हणाले, बाकी नऊ जणांनी पाळला नाही म्हणून आपणही पाळायचा नाही, हे बरोबर नाही. बाकी नऊ जणांना तो माहीतच नाही, ही अडचण गोरक्षनाथांनी काढली नाही.

मार्ग कारखान्यानेच दाखवला. आजारपणानंतर फिटनेस सर्टिफिकेट दिल्याशिवाय कामावर घेत नाहीत, आणि ते दिलं की घ्यावंच लागतं. मकासऱ्यांना हे एका दुपारी आठवलं. नगरच्या डॉक्टरकडून तसा कागद आणायचा म्हणून ते शॅरनला फोन लावायला उठले.

"कागद आहे," दयाबाई म्हणाल्या. "मी नगरहून निघायच्या दिवशीच लिहून घेतला. नेहमीची कामं करायला हरकत नाही असं आहे त्यात. विजेची का, म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, करू देत."

"तीन आठवडे आहे तुझ्याकडे?"

"खणात आहे. टेस्टरच्या खाली."

मकासरे खणाकडे निघाले. दयाबाईंनी खणावर हात ठेवला. चिठ्ठ्या यापुढेही मीच लिहिणार, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही बसवा, तुम्ही पंचनामा करा, हवं ते तोंडाने बोला. लिहिणार मी.

मकासऱ्यांनी बाहेर पाहिलं. गोरक्षनाथ ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, सकाळी बसले होते तसेच.

"बरं," ते म्हणाले. "आणि मग ती माझी चिठ्ठी? तिच्यावरही वयोमानाने लिहायला हरकत नाही. खरं तर तेच कारण होतं."

"ती तशीच राहील."

"का? बाकी तेरांना चालतं."

"त्यांनी शब्द न् शब्द लिही असं सांगितलं नव्हतं," दयाबाई म्हणाल्या आणि टेस्टर काढून त्यांच्या हातात दिला.

त्या आठवड्यात पाळकांची इस्त्री पुन्हा आली. पिन पुन्हा वाकडी होती. गोरक्षनाथ आणि मालनबाई पंच होते. मकासऱ्यांनी प्लग उजेडात धरला, निदान सांगितलं, उघडून खरं करून दाखवलं आणि नवा बसवला. घाईच्या सवयीबद्दल ते पाच मिनिटं बोलले. पाळकांनी ऐकून घेतलं. दयाबाईंनी चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हातात दिली आणि या वेळी त्यांनी ती खरोखर वाचली.

मग मान हलवली आणि माळेत ओवली.